जीआरई दुसऱ्यांदा देताना: आधी निदान, मग अभ्यास

परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण आले की हात आपोआप जुन्या पुस्तकांकडे वळतात. तेच धडे पहिल्यापासून, तीच शब्दयादी, फक्त रोजचे तास जास्त. दोन महिन्यांनी गुण एक-दोनने वाढतात किंवा होते तिथेच राहतात, कारण आधी जे येत होतं तेच पुन्हा पक्कं केलेलं असतं. पहिल्या वेळी तुमच्याकडे नसलेली एक गोष्ट आता तुमच्याकडे आहे: प्रत्यक्ष परीक्षेचा पुरावा. दुसऱ्या तयारीचा पहिला आठवडा तो पुरावा वाचण्यात घालवावा, असं आमचं ठाम मत आहे.

पुन्हा द्यावीच का?

व्हर्बल (इंग्रजी भाषा) आणि क्वांट (गणित) या दोन्हींचे गुण 130 ते 170 या पट्टीवर असतात, निबंधाचे 0 ते 6, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्यांनी. तुम्हाला हव्या त्या अभ्यासक्रमांच्या पानांवर प्रवेश मिळालेल्यांचे सरासरी गुण अनेकदा दिलेले असतात. तुलना एकूण बेरजेची नको, विभागवार करा. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या अर्जात क्वांटचे 4 गुण जितके मोलाचे ठरतात, तितके व्हर्बलचे 4 सहसा ठरत नाहीत. इतिहास किंवा साहित्याकडे जाणाऱ्यांचं गणित उलटं.

एक-दोन गुणांसाठी पुन्हा बसू नका. तीच व्यक्ती काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा परीक्षेला बसली तरी एवढा फरक पडू शकतो. तो वेळ उद्देशपत्रावर आणि शिफारसपत्रांवर घालवलेला बरा. आणि काही अभ्यासक्रमांनी जीआरईची अट काढूनच टाकली आहे, तेव्हा यादीतल्या प्रत्येक ठिकाणची सध्याची अट वाचल्याशिवाय नोंदणी करू नका.

तारीख अर्जाच्या मुदतीपासून उलटी मोजा

दोन परीक्षांमध्ये 21 दिवसांचं अंतर लागतं आणि कोणत्याही सलग 12 महिन्यांत जास्तीत जास्त 5 वेळा बसता येतं. गुण रद्द केले तरी ती खेप मोजली जाते. अधिकृत गुण यायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात.

समजा अर्जाची मुदत 15 डिसेंबर आहे. दुसरी परीक्षा 5 नोव्हेंबरच्या आसपास ठेवली तर गरज पडल्यास तिसरी 26 नोव्हेंबरला देता येते आणि तिचे गुणही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात येतात. दुसरी परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी ढकलली की ही सोय संपते आणि "आता नाही तर नाही" असं दडपण घेऊन बसावं लागतं. तिसरी खेप द्यायची वेळ आली नाही तर उत्तमच, पण ती देता येते एवढ्या माहितीनेही परीक्षेच्या दिवशी डोकं शांत राहतं.

पहिल्या 24 तासांत काय लिहून ठेवायचं

आठवण फार लवकर पुसट होते. प्रश्न लिहून काढू नका, ते गोपनीय असतात आणि त्यांचा उपयोगही नाही. लिहायचं ते असं: प्रत्येक विभागात शेवटचे किती प्रश्न घाईत किंवा अंदाजाने सोडवले, कोणत्या प्रकारच्या प्रश्नावर अडकून पडलात, व्हर्बल आणि क्वांटचे दोन-दोन विभाग असतात, त्यांत कोणता दुसरा विभाग पहिल्यापेक्षा सोपा वाटला, झोप किती झाली होती, मधेच लक्ष उडालं का.

सोप्या वाटलेल्या दुसऱ्या विभागाची नोंद महत्त्वाची आहे. जीआरई विभागाच्या पातळीवर जुळवून घेते: पहिल्या क्वांट विभागातल्या कामगिरीवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. व्हर्बलचंही तसंच. दुसरा विभाग सोपा आला असेल तर बहुधा पहिल्या विभागातच गुण गेले, आणि मग दुसऱ्यात सगळं बरोबर आलं तरी गुण एका मर्यादेपर्यंतच चढतात. एका विभागातल्या प्रत्येक प्रश्नाचं वजन मात्र सारखंच असतं. अवघड प्रश्नाला जास्त गुण नाहीत.

मॉक आणि प्रत्यक्ष गुण शेजारी ठेवा

परीक्षेआधीच्या शेवटच्या दोन-तीन मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, विभागवार गुण आणि खरे गुण एका कागदावर लिहा.

दोन्ही जवळपास सारखे असतील तर परीक्षेने तुमच्यावर अन्याय केलेला नाही. पातळी तीच होती आणि काम विषयाचं आहे. मॉकपेक्षा खरे गुण पाच-सहाने पडले असतील तर आधी मॉकवरच शंका घ्या. ते पूर्ण, सलग, ठरलेल्या वेळेत दिले होते का? मधे थांबवून चहा घेतला होता का? आधी पाहिलेले प्रश्न त्यात होते का? जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या मोफत पॉवरप्रेप सराव चाचण्या पुन्हा दिल्या तर प्रश्न तेच येतात, त्यामुळे दुसऱ्या वेळचे गुण फुगतात आणि त्यावर बांधलेली अपेक्षा खोटी ठरते. मॉक निर्मळ असूनही गुण पडले असतील, तेव्हाच दोष झोप, घाबरणं किंवा वेळेच्या नियोजनाकडे जातो.

मग नवी चाचणी द्या, पण एका खास पद्धतीने. वेळ लावून एक विभाग सोडवा आणि ज्या उत्तरांबद्दल किंचितही शंका आहे त्यांवर खूण करा. वेळ संपल्यावर उत्तरं न बघता खुणा केलेले प्रश्न वेळेच्या बंधनाशिवाय पुन्हा सोडवा. त्यानंतरच तपासा. आता तुमच्याकडे दोन आकडे आहेत. 15 पैकी वेळेत 9 आणि निवांत 13 आले, तर विषय येतो आणि गाडी वेगावर, निवडीवर अडते आहे. वेळेत 9 आणि निवांत 10, तर टायमर लावून शंभर सराव केले तरी काही हलणार नाही, आधी संकल्पना दुरुस्त करायला हवी. खूण न केलेला प्रश्न चुकला तर त्याची वेगळी नोंद करा. खात्री असताना चुकणं हे सगळ्यात महागडं, कारण तिथे पुन्हा बघायला आपण वळतच नाही.

चुकांची वही

एरर लॉग ठेवा असं सगळे सांगतात, पण बहुतेकांच्या वहीत कारणाच्या रकान्यात "सिली मिस्टेक" एवढंच लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांखाली चार-पाच वेगळे आजार दडतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

रकाने असे ठेवा: प्रश्न कुठला, प्रकार, विषय, लागलेला वेळ, मी निवडलेलं उत्तर, *ते त्या क्षणी बरोबर का वाटलं*, योग्य वाट एका वाक्यात, पुन्हा सोडवायच्या तारखा. तिरप्या अक्षरांतला रकाना सोडू नका. सगळी वही त्याच्यासाठी आहे.

कारणं अशी फोडून लिहा. "पूर्णांक" अशी अट नसताना पूर्णांक धरला. 2x + 6 = 20 वरून x + 3 विचारलं होतं, मी x काढून 7 वर टिचकी मारली, उत्तर 10 होतं. कच्च्या कागदावरून आकडा उतरवताना चुकला. "किती टक्के" आणि "किती टक्क्यांनी जास्त" यांत गल्लत केली: 50 च्या तुलनेत 80 म्हणजे 160 टक्के, पण वाढ 60 टक्क्यांची. अशा 40-50 नोंदी झाल्या की दोन-तीन कारणं पुन्हापुन्हा डोकं वर काढताना दिसतील. पुढचा अभ्यास त्यांच्यासाठी.

चुकलेला प्रश्न 3 दिवसांनी, 10 दिवसांनी आणि 3 आठवड्यांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. उत्तर आठवत असेल तरी वाट पूर्ण लिहा. तिन्ही वेळा वाट बरोबर आली तरच त्यावर काट मारा.

क्वांट: गुण कुठे जातात

जीआरईचं गणित शाळेच्या पातळीचंच आहे: अंकगणित, बीजगणित, भूमिती, आकडेवारी. म्हणूनच गणित चांगलं असलेली मंडळी इथे फसतात. प्रश्न सूत्राची परीक्षा घेत नाही, गृहीतकांची घेतो.

तुलनेच्या प्रश्नांपासून सुरुवात करा. दोन राशी दिलेल्या असतात आणि कोणती मोठी, की समान, की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही, हे सांगायचं असतं. x > 0 दिलं असताना x² आणि x यांची तुलना घ्या. x = 2 धरलं तर पहिली मोठी, x = 1 धरलं तर समान, x = ½ धरलं तर दुसरी मोठी. उत्तर "ठरवता येत नाही". फक्त 2 आणि 3 घालून बघणारा इथे हमखास चुकतो. चल असलेल्या प्रत्येक तुलनेत शून्य, एक, ऋण संख्या, अपूर्णांक आणि एखादी फार मोठी संख्या, अटीत बसत असतील तेवढ्या, घालून बघायची सवय लावा. उलट दोन्ही राशींत निव्वळ आकडेच असतील तर "ठरवता येत नाही" हे उत्तर असूच शकत नाही.

भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून तो 90 अंशांचा धरू नका. आकृती मुद्दाम वेडीवाकडी करून पुन्हा काढा आणि दिलेल्या अटी तरीही पाळल्या जातात का ते पाहा. निर्देशांक-प्रतलावरच्या आकृत्या आणि आकडेवारीचे आलेख मात्र प्रमाणात असतात. तिथे नजरेने अंदाज बांधून चुकीचे पर्याय उडवायला हरकत नाही.

पुन्हा बसणाऱ्यांच्या वहीत वारंवार सापडणाऱ्या काही जागा: 20 टक्के वाढ आणि मग 20 टक्के घट म्हणजे मूळ किंमत नव्हे, 4 टक्क्यांनी कमी. शून्य ही सम संख्या आहे. 1 मूळ संख्या नाही, 2 ही एकमेव सम मूळ संख्या. 2, 4, 6, 8 आणि 12, 14, 16, 18 यांचं प्रमाण विचलन सारखंच, कारण सगळ्यांत समान संख्या मिळवल्याने पसरण बदलत नाही. पाच जण रांगेत उभे आहेत आणि त्यांतले ठरावीक दोघे शेजारी नकोत, असा प्रश्न थेट मोजायला गेलात तर गोंधळ होतो. एकूण 120 मांडण्यांतून दोघे शेजारी असलेल्या 48 वजा करा, 72 मिळतात.

एकाहून अधिक पर्याय निवडायच्या प्रश्नांत सगळे योग्य पर्याय निवडले तरच गुण मिळतो, अर्धवटाला काही नाही. अशा प्रश्नांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं शक्य उत्तर काढा, मधले बहुतेक वेळा त्यावरूनच ठरतात.

पडद्यावरचं कॅल्क्युलेटर साधं आहे: चार क्रिया, वर्गमूळ, कंस, स्मृती. ते गुणाकार-भागाकार बेरजेच्या आधी करतं. सरावात मोबाइलचं कॅल्क्युलेटर वापरलं असेल तर ती सवय मोडा आणि पॉवरप्रेपमधलंच वापरा. 15 टक्के, 1/8, 12 ते 20 पर्यंतचे वर्ग अशा गोष्टी तोंडी असल्या की प्रत्येक वेळी काही सेकंद वाचतात, आणि शेवटच्या दोन प्रश्नांसाठी लागणारा वेळ तिथूनच उभा राहतो.

व्हर्बल: शब्दयादीच्या पलीकडे

पहिल्या वेळी हजार शब्द पाठ केले आणि तरी गुण आले नाहीत, ही तक्रार फार जणांची असते. यादी वाया गेलेली नाही, पण शब्दाला एकच प्रतिशब्द चिकटवून पाठ केला की परीक्षा त्याच्या दुसऱ्या अर्थाने फसवते. "क्वालिफाय" म्हणजे पात्र ठरणं, पण विधानाच्या बाबतीत त्याला मर्यादा घालणंही. "चेक" म्हणजे रोखणं, "टेम्पर" म्हणजे सौम्य करणं, "आर्टलेस" म्हणजे निष्कपट. प्रत्येक शब्दासाठी छापील मजकुरातलं एक खरं वाक्य लिहून ठेवा. रोज 15 ते 20 नवे शब्द पुरे. उजळणी 1, 3, 7 आणि 15 दिवसांनी.

रिकाम्या जागांच्या प्रश्नांत पर्यायांवर हात ठेवून वाक्य वाचा. जागेत काय यायला हवं ते आधी आपल्या शब्दांत ठरवा, मराठीत ठरवलं तरी चालेल, आणि त्याचा पुरावा असलेला वाक्यातला तुकडा दाखवता यायला हवा. पुरावा दाखवता येत नसेल तर वाक्य अजून कळलेलं नाही. "ऑलदो", "यट", "फार फ्रॉम" यांसारखे वळणाचे शब्द चुकले की सगळी दिशाच उलटते. दोन-तीन रिकाम्या जागा असतील तर पहिलीपासूनच सुरू करायची सक्ती नाही. ज्या जागेचा पुरावा सगळ्यात स्पष्ट तिथून धरा.

सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नांत दोन सापळे असतात. एक, समानार्थी जोडी जी वाक्यात बसतच नाही. दुसरा, वाक्यात सुंदर बसणारा पण जोडीदार नसलेला एकटा शब्द. दोन्ही शब्द वाक्यात घातल्यावर अर्थ एकच राहिला पाहिजे.

उताऱ्यांत गुण जातात ते बहुतेक वेळा शेवटच्या दोन पर्यायांत अडकून. तिथे बरोबर उत्तर शोधू नका, चुकीच्या पर्यायातला चुकीचा शब्द शोधा. चुकीचे पर्याय ठरलेल्या चालीचे असतात: लेखकाने "काही वेळा" म्हटलेलं पर्यायात "नेहमी" झालेलं, पहिला अर्धा खरा आणि दुसरा बनावट, उताऱ्यात आहे पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही, किंवा जगात खरं पण उताऱ्यात नाही. वहीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे यांतला प्रकार लिहा. वीस उताऱ्यांनंतर आपण कोणत्या चालीला बळी पडतो ते लख्ख दिसतं.

निबंध

2023 च्या सप्टेंबरपासून एकच निबंध उरला आहे, 30 मिनिटांचा. 4 गुणांच्या आसपास असाल आणि अभ्यासक्रम लेखनावर भर देणारा नसेल तर याला आठवड्यातून एक निबंध एवढाच वेळ द्या. विषयांचा संपूर्ण साठा ईटीएसने खुला ठेवला आहे, तिथूनच विषय घ्या. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे विधानाखालच्या सूचनेकडे दुर्लक्ष. विरोधी मताला उत्तर द्या असं तिथे मागितलेलं असतं आणि लिहिणारा फक्त आपली बाजू मांडून मोकळा होतो. आराखड्याला 5, लेखनाला 20, वाचून दुरुस्तीला 5 मिनिटं. शुद्धलेखन तपासणारी सोय तिथे नाही, तेव्हा सरावातही बंद ठेवा.

घड्याळ

सगळी परीक्षा 1 तास 58 मिनिटांची, मधे ठरलेली सुट्टी नाही. पहिल्या क्वांट विभागात 12 प्रश्नांना 21 मिनिटं, दुसऱ्यात 15 ना 26. व्हर्बलमध्ये 12 ना 18 आणि 15 ना 23. दर प्रश्नाचे सेकंद मोजत बसू नका, टप्पे पाठ करा. पहिल्या क्वांटमध्ये 4 प्रश्नांनंतर घड्याळात 14 मिनिटं उरलेली हवीत, 8 नंतर 7. पहिल्या व्हर्बलमध्ये 4 नंतर 12, 8 नंतर 6. दुसऱ्या क्वांटमध्ये 5 नंतर सव्वासतरा आणि 10 नंतर साडेआठ मिनिटं, व्हर्बलमध्ये सव्वापंधरा आणि साडेसात.

विभागाच्या आत पुढे-मागे जाता येतं आणि प्रश्नावर खूण करता येते. पहिल्या फेरीत 30-40 सेकंदांत वाट सुचली नाही तर काहीतरी उत्तर निवडा, खूण करा, पुढे चला. चुकीला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. सोडून देणं हे कौशल्य आहे आणि त्याचाही सराव लागतो: मुद्दाम एखाद्या सरावविभागात तीन प्रश्न न सोडवता सोडायचेच असं ठरवून बसा. हट्टाने एका प्रश्नावर चार मिनिटं घालवणाऱ्यांचे गुण याने पटकन सावरतात.

आठ आठवड्यांची आखणी

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला 12 ते 15 तास धरले आहेत. पहिला आठवडा वर सांगितलेल्या निदानाचा. दुसरा ते चौथा: वहीत वर आलेले दोन-तीन विषय, आधी वेळ न लावता. एखाद्या विषयात सलग 20 पैकी 17-18 बरोबर येईपर्यंत टायमर लावू नका. घाईने केलेला सराव चुकीची वाटच पक्की करतो. पाचवा-सहावा: वेळ लावून एकेक विभाग, दिवसाआड, आणि सोडवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ तपासणीला. सातवा-आठवा: पूर्ण मॉक.

मॉक आठवड्याला एकापेक्षा जास्त नको. रोज मॉक देणारे गुण मोजत राहतात, दुरुस्त काहीच करत नाहीत. ईटीएसची निदान एक न पाहिलेली चाचणी शेवटासाठी राखून ठेवा आणि ती परीक्षेच्या 6-7 दिवस आधी, परीक्षेच्याच वेळेला द्या. त्यात गुण हवे तेवढे आले नाहीत आणि मुदत परवानगी देत असेल तर तारीख पुढे ढकला. त्यासाठी ईटीएसने घातलेली कालमर्यादा नोंदणी करतानाच टिपून ठेवा.

घरून परीक्षा देणार असाल तर साधा कागद चालत नाही. छोटा पांढरा फळा किंवा पारदर्शक पाकिटात घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर लागतो. त्यावर आकडेमोड करणं वेगळं असतं, जागा लवकर संपते, पुसताना चुकून हवं तेही जातं. निदान तीन आठवडे सराव त्यावरच करा. केंद्रावर देणार असाल तर कच्चे कागद तिथेच मिळतात.

गुण पाठवताना

परीक्षा संपताच व्हर्बल आणि क्वांटचे अनधिकृत गुण पडद्यावर दिसतात. गुण कळवायचे की रद्द करायचे हा प्रश्न मात्र त्याआधी विचारला जातो. रद्द करू नका. रद्द केल्यावर ते गुण तुम्हालाही दिसत नाहीत, आणि कोणते गुण पाठवायचे ते तुमच्याच हातात असताना लपवण्याची गरजही नसते.

त्या दिवशी चार ठिकाणी विनामूल्य पाठवता येतात, पण तेव्हा पर्याय दोनच: आत्ताचे गुण किंवा गेल्या पाच वर्षांतले सगळे. पहिल्या खेपेचे कमी गुण जाऊ द्यायचे नसतील तर "आत्ताचे" निवडा. हे गुणही मनासारखे आले नाहीत आणि जुनेच बरे निघाले, तर नंतर शुल्क भरून हव्या त्या एका तारखेचे गुण पाठवता येतात. एका तारखेचं क्वांट आणि दुसरीचं व्हर्बल अशी जोडणी मात्र ईटीएस करून देत नाही. एका दिवसाचे सगळे गुण एकत्रच जातात. काही विद्यापीठं दोन खेपांतले विभागवार उत्तम गुण स्वतःहून धरतात. तुमच्या यादीत असं एखादं असेल तर तिथे दोन्ही तारखांचे गुण पाठवा.